प्लेस्टेशन २ वरील ॲक्शन-ॲडव्हेंचर गेम आज कसे खेळावेत

प्लेस्टेशन २ हे कन्सोल ४ मार्च २००० रोजी जपानमध्ये विक्रीस आले. त्यानंतरच्या पाच-सहा वर्षांत त्यावर आलेले ॲक्शन-ॲडव्हेंचर गेम आजही मन लावून खेळण्यासारखे आहेत. मात्र आजच्या गेमची सवय असलेला खेळाडू पहिल्या तासाभरातच त्यांना कंटाळतो, कारण कोठे जायचे हे दाखवणारा बाण तेथे सहसा नसतो आणि झालेली प्रगती आपोआप जतन होईलच याची खात्रीही नसते. या गेममध्ये बटण दाबण्याआधी डोळ्यांनी जागा वाचावी लागते आणि ती वाचायला शिकणे हाच त्यांचा खरा आनंद आहे.

सुरुवात टीव्हीपासून करावी. पिवळी, पांढरी आणि लाल पिन असलेली नेहमीची केबल आजच्या मोठ्या पडद्यावर चित्र पुसट दाखवते, म्हणून टीव्हीला कॉम्पोनंट (चित्रासाठी हिरवी, निळी आणि लाल अशा तीन पिनची) जोडणी असल्यास त्याच प्रकारची केबल वापरावी. तत्पूर्वी जुनी केबल जोडलेली असतानाच कन्सोलच्या सेटिंगमध्ये जाऊन कॉम्पोनंट व्हिडिओचा पर्याय आरजीबीवरून वाय-सीबी-सीआरवर आणावा, नाहीतर रंग बिघडलेले दिसतात. टीव्हीमध्ये गेम मोड असेल तर तो चालू करावा. बटण दाबणे आणि पात्राने उडी मारणे यांत पडणारे क्षणभराचे अंतर त्यामुळे कमी होते आणि कड्यावरून उडी मारताना तेवढा क्षणही महत्त्वाचा असतो.

यानंतर मेमरी कार्ड पाहावे. या कन्सोलचे मूळ कार्ड ८ एमबीचे आहे. पहिल्या प्लेस्टेशनचे कार्ड त्याच खाचेत नीट बसते, पण त्यावर प्लेस्टेशन २ च्या गेमची प्रगती जतन होत नाही. मी स्वतः या गैरसमजात एक संपूर्ण संध्याकाळ गमावली आहे, म्हणून नवा गेम सुरू करताच पहिल्या संधीला सेव्ह करून ती नोंद कार्डावर उमटली की नाही हे तपासावे. कन्सोल दरवेळी तारीख आणि वेळ विचारत असेल तर घाबरू नये. आतली छोटी बॅटरी संपल्याचे ते लक्षण आहे आणि कार्डावरच्या नोंदींना त्यामुळे काहीही होत नाही. डिस्क पुसायची झाल्यास मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावी, गोलगोल फिरवून पुसू नये. जुनी डिस्क घेताना ती आपल्या कन्सोलच्याच विक्री-विभागाची (जपान, अमेरिका, युरोप वगैरे) आहे ना, हेही पाहावे, कारण दुसऱ्या विभागाची डिस्क कन्सोल स्वीकारत नाही.

कोणत्या गेमपासून सुरुवात करावी, याबाबत माझे मत ठाम आहे: आधी २००३ चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’, मग २००१ चा ‘इको’ आणि त्यानंतर २००५ चा ‘शॅडो ऑफ द कोलोसस’. पहिल्या गेममध्ये चूक सुधारता येते. उडी चुकून राजपुत्र खाली कोसळू लागला की कंट्रोलरच्या पुढच्या कडेवरचे डावे बटण एल१ दाबून धरावे, म्हणजे काळ मागे सरकतो आणि तो पुन्हा कठड्यावर उभा राहतो. ही सोय राजपुत्राच्या जादुई खंजिरातल्या वाळूवर चालते आणि ती वाळू पाडलेल्या शत्रूंकडून पुन्हा मिळवावी लागते, म्हणून प्रत्येक लहान चुकीवर ती उधळू नये. नव्या दालनात शिरल्यावर लगेच धावत सुटण्याऐवजी आधी जागेवरच थांबून कॅमेरा पूर्ण फिरवावा, बाहेर जाण्याचे दार शोधावे आणि तेथून उलट्या दिशेने, म्हणजे दारापासून आपल्यापर्यंत, खांब, कठडे आणि भिंती जोडत यावे. बहुतेक कोडी या एका सवयीने सुटतात.

हीच सवय ‘शॅडो ऑफ द कोलोसस’मध्ये कसाला लागते. या गेममध्ये किरकोळ शत्रू नाहीतच, आहेत ते फक्त १६ महाकाय प्राणी. त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी उन्हात उभे राहून वर्तुळाच्या बटणाने तलवार उंचावावी. विखुरलेली किरणे ज्या दिशेला एकवटतात तीच वाट. सावलीत तलवार काहीच दाखवत नाही, त्यामुळे आधी मोकळ्या जागेत यावे.

पहिल्या महाकायाशी गाठ पडल्यावर एल१ दाबून नजर त्याच्यावर रोखावी आणि तलवारीचा प्रकाश त्याच्या अंगावर फिरवावा. डाव्या पायाच्या पोटरीवर एक जागा उजळते. मागून जाऊन तेथल्या केसांवर उडी घ्यावी, आर१ने (पुढच्या कडेवरच्या उजव्या बटणाने) घट्ट धरावे आणि वार करावा. तो गुडघ्यावर येताच पाठीवर चढायला सुरुवात करावी. पडद्याच्या कोपऱ्यातले गुलाबी वर्तुळ म्हणजे पकडीची ताकद. ते आक्रसत जाते आणि संपले की हात सुटतो. कमरेच्या वर एक सपाट जागा आहे. तेथे पोहोचल्यावर आर१ सोडून उभे राहावे आणि वर्तुळ पूर्ण भरू द्यावे. नवखे खेळाडू घाईने सरळ डोक्याकडे जातात आणि शेवटच्या काही हातांवर घसरून पडतात. डोक्यावर पोहोचल्यावर चौकोन दाबून तलवार उगारावी, तिचा जोर भरू द्यावा आणि पुन्हा दाबून वार करावा. प्राणी अंग झटकू लागला की वार थांबवून फक्त धरून राहावे. कमी पण पूर्ण जोराचे वार नेहमीच घाईच्या वारांपेक्षा जास्त परिणाम करतात.

‘इको’मध्ये मात्र आपली ताकद काठीच्या दोन-चार फटक्यांपुरतीच आहे. येथे सोबत असलेल्या योर्डा या मुलीचा हात आर१ने धरून चालावे लागते आणि तिला एकटे सोडून दूर गेल्यास सावल्यांसारखे दिसणारे शत्रू तिला उचलून काळ्या विवरात ओढू लागतात. म्हणून कोडे सोडवण्यासाठी तिला मागे ठेवणे भाग पडले तर जाण्याआधी परतीची वाट लक्षात ठेवावी आणि आरडाओरड ऐकू येताच हातातले काम टाकून धावत परतावे. ती विवरात शिरलीच असेल तर तिचा हात धरून बाहेर खेचता येते, पण उशीर झाला की डाव तेथेच संपतो.

खेळ थांबवण्याची वेळही आपण ठरवू नये, ती गेमला ठरवू द्यावी. ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ प्रत्येक महाकाय पडल्यानंतर सेव्ह करायचे का, असे विचारतो आणि मैदानात विखुरलेल्या छोट्या मंदिरांपाशीही ती सोय आहे. ‘इको’मध्ये दगडी बाकावर योर्डासह बसल्यावरच प्रगती जतन होते. बाक दिसला की पुढचे दार कितीही खुणावत असले तरी आधी बसावे, नोंद पूर्ण झाल्याचा संदेश येईपर्यंत कार्डाला हात लावू नये आणि मगच कन्सोल बंद करावे.