भर वर्गात विचारू नका

२०१९ च्या कोल्हापूरच्या पुरानंतर कॉलेज सुरू झालं तेव्हा शिरोळकडचा एक मुलगा रोज उशिरा यायचा. "एसटी काय तुझ्यासाठी थांबती होय रे?" असं मी वर्गात म्हणालो. पोरं हसली. तो परत माझ्या तासाला बसला नाही. घरात छातीभर पाणी शिरलं होतं, हे मला दिवाळीनंतर कळलं.

तेव्हापासून एखादं पोर बिनसलेलं दिसलं, तर काय झालं ते वर्गात विचारत नाही. स्टाफरूममध्येही नाही, तिथं चार माना वळतात. जर्नल तपासायच्या निमित्तानं थांबवून घेतो. "काही टेन्शन आहे का?" याला "नाही सर" एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा दिसलं ते बोलावं: "तीन गुरुवार दिसली नाहीस. पहिल्या बाकावरनं एकदम मागं गेलीस. डबा खातेस का?" आणि मग गप्प बसावं. आम्हा मास्तरांना हेच सगळ्यात जड जातं. "आमच्या वेळी..." तर तोंडातून काढूच नये.

मेंटॉर-मेंटीची फाइल, म्हणजे आपल्याकडं सोपवलेल्या पोरांची, नुसती नॅकपुरती, कॉलेजला ग्रेड देणाऱ्यांना दाखवायला, भरू नका. महिन्यातून एकदा ती नावं समोर घेऊन कोण बदललंय ते बघा. बडबड्या गप्प झाला, विषय राहून एटीकेटी लागल्यावर रूमवरनं बाहेर पडेना, आवडीच्या वस्तू वाटून टाकायला लागला, तर त्याच दिवशी गाठा.

"जगून तरी काय करू" असं कानावर आलं, तर सरळ विचारा: "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. "हो" म्हणाला तर एकटं सोडू नका. "कुणाला सांगणार नाही" असा शब्दही देऊ नका. घरचं कुणाला बोलवायचं ते त्यालाच विचारा. कधी वडील नको असतात, मामा चालतो. मग सीपीआरच्या, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्याच्या, मानसोपचार विभागात स्वतः सोबत जा. चिठ्ठी देऊन वाटेला लावलेलं पोर रंकाळा तलावावर जाऊन बसतं, दवाखान्यात नाही. आपण अकाउंट्सचे मास्तर, उपचार आपलं काम नव्हे. सबमिशनची तारीख पुढं ढकलणं मात्र आपल्या हातात असतं, ते करा.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, २४ तास चालतो, मराठीत बोलता येतं. नोटीस बोर्डापुढं उभं राहून तो कुणी उतरवून घेत नाही. मी वर्षाच्या पहिल्या तासाला फळ्यावर लिहितो, ताळेबंदाच्या शेजारी. सगळ्यांच्याच वहीत जातो, कुणाला हवा होता ते कळत नाही.