आजोबांची परीक्षा घेऊ नका, हाताला काम द्या

अल्झायमर झालेल्या आजी-आजोबांना भेटायला गेलात की "ओळखलंत का मला?" हा प्रश्न टाळा. नाव, नातं आपणच सांगावं: "आजोबा, मी तुमच्या धाकटीचा मुलगा." या आजारात अलीकडचं आधी पुसलं जातं. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण सोलापूरच्या मिलचा भोंगा, गड्ड्याच्या जत्रेतले पाळणे, संक्रांतीच्या मिरवणुकीतले नंदीध्वज यांच्या गोष्टी निघू शकतात. तिथूनच सुरुवात करा.

हातांची सवय तर आणखी उशिरा सुटते. मागावर आयुष्य गेलेल्या माणसाच्या हाती चादर द्या. घडी घालतील, काठ चाचपतील, कदाचित विणीला नावंही ठेवतील. ठेवू द्या. आजींपुढे शेंगा सोलायला ठेवा. दाणे वाया जातील ही भीती सोलापुरात तरी नको, चटणी आहेच! टरफलं तोंडात घालत असतील तर मात्र हे काम नको.

"पाळीला उशीर झाला" म्हणत उठले, तर मिल कधीच बंद पडली हे पटवत बसू नका. "कुठल्या खात्यात होतात?" असं विचारा.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत मराठी मागे पडून तेलुगू पुढे येऊ शकते. तुम्हाला येत असेल तर तेलुगूतच बोला. टीव्ही बंद ठेवा. जायचं ते सकाळी, कारण तिन्हीसांजेला अनेकांचा गोंधळ वाढतो. उन्हाळ्यात अनेकांना तहान लागल्याचंही सांगता येत नाही, तेव्हा ताकाचा पेला आपणच पुढे करावा.