चाळ सोडताना शेजार बांधून कसा न्यावा

चाळ पाडायचं ठरलं की माणसं कागदांच्या मागे लागतात. भाडेपावत्या, रेशनकार्ड, वीजबिल, करारनाम्याची नक्कल. ते करायलाच हवं. पण आमची लालबागची चाळ २०११ साली रिकामी झाली तेव्हा माझा एक कागद करायचा राहिला आणि त्याचा त्रास मी पुढची आठ वर्षं काढला. तुमच्याकडे नोटीस लागली असेल तर तो आजच करायला घ्या.

एक शंभर पानी वही आणा. मजल्यावरच्या आणि जिन्यावर भेटणाऱ्या प्रत्येक घराला एक पान द्या आणि लिहा, गेल्या वर्षभरात या घरामुळे आपलं कोणतं काम झालं. नाव-नंबर तर हवाच, पण काम लिहा. माझी वही मला मागाहून आठवून भरावी लागली. सात नंबर: किल्ली ठेवायला, मुलगी शाळेतून आली की तिला चार घास. बारा नंबरचे काका: केईएमला वॉर्डबॉय, रात्री-अपरात्री कुठे जायचं ते सांगणारे. तळमजल्यावरच्या ताई: माझ्या ब्लाउजची निम्मी गिऱ्हाइकं त्यांनी पाठवलेली. जिन्याजवळचा मुलगा: कुरिअर कंपनीत माणसं घेतायत हे माझ्या भावाला त्याने नळावर सांगितलं.

पानं भरताना एक गोष्ट समोर येईल. अडचणीला जवळची माणसं धावली, पण काम, गिऱ्हाईक, ॲडमिशनची बातमी बहुतेक वेळा तोंडओळखीच्या माणसाकडून आली. आपल्या घरच्यांना जे ठाऊक असतं ते आपल्याला आधीच ठाऊक असतं, नवी खबर बाहेरचाच आणतो. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली हेच मांडलं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं, तर बहुतेकांना खबर देणारा माणूस अधूनमधून किंवा क्वचितच भेटणारा होता. म्हणून वहीत नुसत्या मैत्रिणी लिहू नका. गॅलरीतून जाताना 'काय, आज सुट्टी?' एवढंच विचारणाऱ्यालाही पान द्या. चाळ गेली की सगळ्यात आधी तोच हरवतो.

गिरणगावात हे जुनंच आहे. माझे वडील संगमेश्वरहून आले ते थेट गावकीच्या, म्हणजे गावातल्या माणसांनी मिळून घेतलेल्या खोलीत. पाळीप्रमाणे झोपायचं, खानावळीत जेवायचं. शेजारच्या खोलीतल्या जॉबरने, म्हणजे गिरणीत माणसं भरणाऱ्या मुकादमाने, त्यांना बदली कामगार म्हणून लावून घेतलं. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पगार थांबला, तेव्हा वाण्याने उधारी चालू ठेवली ती आम्ही कोणत्या खोलीतले हे तो ओळखत होता म्हणून. दहा बाय बाराच्या खोलीला जोडून आम्हाला हे सगळं मिळालं होतं. भाडेपावतीवर ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आता सगळ्यात मोठी चूक सांगते. नवी इमारत होईपर्यंत बिल्डर मधल्या काळाचं भाडं देतो आणि प्रत्येक जण त्या पैशात मोठ्यात मोठी जागा शोधतो. कोणी नालासोपाऱ्याला, कोणी डोंबिवलीला, आम्ही बदलापूरला. वेगळं स्वयंपाकघर आणि घरात संडास मिळाला म्हणून मी खूश होते. दोन महिन्यांत माझं शिवणकाम बंद पडलं. तिथे मी शिवते हे कोणाला माहीत असणार? दारं बंद, आणि जुन्या गिऱ्हाइकाने एका ब्लाउजसाठी बदलापूर का गाठावं?

तेव्हा जागा बघताना चौरस फुटांच्या शेजारी दुसरा आकडा मांडा: इथून किती गिऱ्हाईक तुटेल, पोरांना कोण बघेल, पासाला किती जातील. तीन-चार घरांनी मिळून एकाच गल्लीत, निदान एकाच स्टेशनला जागा घ्या. खोली लहान मिळाली तरी चालेल. मोबाईल नंबर बदलू नका. आणि धंदा घरातला असेल तर जुन्या वस्तीत आठवड्याचा एक दिवस बांधून घ्या. मी परळला मावशीकडे दर शनिवारी टेप घेऊन बसायला लागले. पहिल्या शनिवारी दोघी आल्या, नवरात्राच्या आधी जिन्यापर्यंत रांग होती.

भिशी मोडू देऊ नका. आमची बारा जणींची, महिना दोन हजारांची. पैसे फोनवरून पाठवू या असं कोणीतरी म्हणेलच, पण ते ऐकू नका. भिशी हातात द्यायची, पाळीपाळीने एकेकीच्या घरी जाऊन. पैशापेक्षा त्या दुपारच्या दोन तासांत जास्त मिळतं. माझ्या मुलीला बारावीनंतर लॅब टेक्निशियनचा कोर्स असतो हे मला नालासोपाऱ्यातल्या भिशीत कळलं. गणपतीच्या वर्गणीचं पुस्तकही असंच, घरोघर फिरवा. पुस्तक घेऊन जाणारा पोरगा सगळी विखुरलेली घरं बघून येतो, कोण आजारी, कोणाचं काम सुटलं, सगळं त्याला कळतं.

नव्या इमारतीचा नकाशा मंजूर व्हायच्या आधी सभेत तोंड उघडा. फरशी, नळ, खिडक्या यांवर सगळे बोलतील, तुम्ही लिफ्टसमोरच्या जागेबद्दल विचारा. तिथे बाकडं बसेल का? गणपती कुठे बसणार? बिल्डर बाहेरच्यांना विकायला बांधतो त्या विक्रीच्या इमारतीला वेगळं गेट आहे का, आणि पोरांचं मैदान एकच की दोन? या शेवटच्या मुद्द्यावर आम्ही गप्प बसलो, त्याचं मला आजही वाईट वाटतं. अमेरिकेत फेसबुकवरच्या २,१०० कोटी मैत्र्यांवरून झालेला एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. गरीब घरच्या मुलांची सुस्थितीतल्या घरांशी जिथे जास्त दोस्ती असते, तिथे वाढलेली मुलं मोठेपणी जास्त कमावतात असं त्यात दिसलं. आमच्याकडे दोन इमारतींच्या मधे भिंत आहे. मैदान एक ठेवायला भांडा.

ताबा मिळाल्यावर पहिले सहा महिने महत्त्वाचे. जाळीचा दरवाजा लावा आणि संध्याकाळी पाच ते सात आतला दरवाजा उघडा ठेवा. मी मशीन दाराजवळच ठेवलं. लिफ्टमधून उतरलेल्या माणसाला टाके घालणारी बाई दिसते, तो विचारतो, 'फॉल-पिको करता का?'

आमच्या मजल्यावर आठांपैकी तीन घरांत आता भाडेकरू आहेत. त्यांना सभेला बोलवत नाहीत, वर्गणीही मागत नाहीत. मी त्यांची पानं वहीत घातली. त्यांतली एक मुलगी नांदेडहून नर्सिंगला आलेली आहे. तिची दुसरी किल्ली माझ्याकडे असते.