ग्राउझच्या शिकारीची सुरुवात कशी करावी

अमेरिकेतल्या मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि मिशिगनच्या उत्तरेकडच्या जंगलांत सप्टेंबरच्या मध्यापासून रफ्ड ग्राउझचा हंगाम सुरू होतो. अर्ध्या-पाऊण किलोचा, तपकिरी-करड्या पिसांचा हा रानपक्षी पाचोळ्यात बसला की चार पावलांवरूनही दिसत नाही. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली, त्यामुळे तिकडे स्थायिक झालेल्या मराठी माणसाला हे शिकवणारं घरात सहसा कोणी नसतं. पुढची माहिती मिनेसोटाची आहे. शेजारच्या राज्यांत पक्षी तोच, पण नियम वेगळे.

आधी कागदपत्रं. ३१ डिसेंबर १९७९ नंतर जन्मलेल्यांना परवान्यासाठी साधारणपणे बंदूक-सुरक्षेचं प्रमाणपत्र लागतं. त्याचा अभ्यास ऑनलाइन करता येतो. मग ‘स्मॉल गेम’, म्हणजे लहान प्राणी-पक्ष्यांच्या शिकारीचा परवाना काढा. राज्यात सलग ६० दिवस राहिला असाल तर तो रहिवाशांच्या दरात मिळतो.

एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांनी इथे नीट लक्ष द्यावं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार अशा व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला एरवी मनाई आहे. वैध शिकार परवाना जवळ असणं हा त्यातला अपवाद. म्हणून आधी परवाना, मगच बंदुकीला हात. मित्राची बंदूक घेऊन सराव करायचा असला तरीही. परवान्याची मुदत संपली की ही सवलतही संपते. शंका असेल तर वकिलाला विचारा, यात अंदाजावर जाऊ नका.

बंदूक २० किंवा १२ बोअरची शॉटगन पुरते. दिवसभर हातात घेऊन चालायचं असल्याने मी हलकी २० बोअर सुचवेन. छर्रे साडेसात किंवा आठ नंबरचे, चोक (नळीच्या तोंडाचा आवळपणा) मोकळा, कारण बहुतेक नेम वीस-पंचवीस यार्डांच्या आतच धरावा लागतो. उन्हाळ्यात उडत्या चकत्यांवर सराव करा, बंदूक आधीच खांद्याला न लावता. कमरेच्या वर भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडा बंधनकारक आहे. टोपी आणि जाकीट दोन्ही तशीच घ्या. महागडी बंदूक आणि शिकारी कुत्रा यांचा विचार पहिल्या हंगामात नकोच. तो पैसा चांगल्या बुटांवर घाला.

खरं शिक्षण जंगल ओळखण्याचं. ग्राउझ शोधायचा तो अ‍ॅस्पेन या झाडाच्या कोवळ्या रानात, म्हणजे तोड होऊन पाच ते वीस वर्षं झालेल्या, मनगट ते दंडाएवढी खोडं दाटीने उभी असलेल्या भागात. या दाटीत ससाणे-बहिरी सहज घुसू शकत नाहीत. शेजारी मोठे अ‍ॅस्पेन असतील तर हिवाळ्यात त्यांच्या कळ्या खायला मिळतात. म्हणून कोवळं रान जुन्या रानाला भिडतं ती कड, ओढ्याकाठची ऑल्डरच्या झुडपांची जाळी, क्लोव्हर हा तिपानी चारा उगवलेल्या जुन्या लाकूडतोडीच्या वाटा, इथे जा. चिपेवा आणि सुपीरियर ही राष्ट्रीय वनं सार्वजनिक आहेत. राज्याने खास शिकाऱ्यांसाठी राखलेल्या पायवाटाही आहेत आणि तिथे गाड्यांना बंदी असते. नवशिक्याला याहून चांगली जागा नाही.

सुरुवातीला झाडांना पानं असतात, पक्षी नुसता ऐकू येतो. ऑक्टोबरच्या मध्याला पानं गळली की दिसूही लागतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला हरणांसाठी रायफलधारी शिकारी जंगलात उतरतात. ते दिवस नवशिक्याने टाळलेले बरे.

चालताना घाई नको. दहा-वीस पावलं टाका आणि अर्धा मिनिट थांबा. सतत चालणाऱ्या माणसाला ग्राउझ जवळून जाऊ देतो, पण पावलं थांबली की बिचकतो. थांबायचं तेही जिथे बंदूक फिरवता येईल अशा मोकळ्या जागी. मग पायाजवळून एकदम जोराचा फडफडाट होतो, छातीत धस्स होतं आणि पक्षी खोडांआड जातो. सोबत्याची जागा माहीत नसेल, पलीकडे काय आहे दिसत नसेल, तर गोळी झाडायची नाही. पक्षी गेला ती दिशा लक्षात ठेवा. बहुतेकदा तो फार लांब जात नाही. लगेच हलूही नका, जवळ दुसरा असू शकतो.

त्याच रानात लांब चोचीचा वुडकॉक उठतो. तो स्थलांतरित पक्षी आहे, त्यासाठी वेगळी नोंदणी लागते आणि त्याची मर्यादा दिवसाला तीन. ग्राउझची पाच, त्यात रफ्ड आणि स्प्रूस या ग्राउझच्या दोन्ही जाती धरून. वुडकॉक आणि ग्राउझमधला फरक ओळखता येईपर्यंत नेम धरू नका.

पक्षी मिळाला की लगेच साफ करा आणि मानेच्या बुडाशी असलेली अन्नपिशवी चाकूने उघडून पाहा. कधी क्लोव्हरची हिरवीगार पानं निघतात, कधी डॉगवुडची पांढरी फळं, कधी नुसत्या कळ्या. तो आज सकाळी काय खात होता हे कळलं की दुपारी कुठे शोधायचं तेही कळतं. क्लोव्हर निघालं तर वाटांच्या कडेने चला, फळं निघाली तर झुडपांत शिरा. इतका नेमका सल्ला तुम्हाला दुसरा कोणी देणार नाही.

मांस पांढरं आणि फार कमी चरबीचं असतं. छातीचे तुकडे छर्रे तपासून लोण्यावर परता. आतलं तापमान ७४ अंश सेल्सियसला पोचलं की लगेच उतरवा, नाहीतर ते कोरडं पडतं. तंगड्या चिवट असतात, त्यांचा कांदा-खोबऱ्याच्या वाटणात मंद आचेवर रस्सा करा.