गुलमर्गला अख्खा हिवाळा काढायचाय? मग व्हॅन झोपवा आणि खोली घ्या

सगळ्यात आधी हे सांगते, गुलमर्गचा स्की सीझन व्हॅनमध्येच राहून काढायचा प्लॅन असेल तर तो विसरा. आम्ही पहिल्या वर्षी तोच शहाणपणा केला होता, टाकीतलं पाणी आठवणीने काढलं पण पाइपात आणि पंपात राहिलं ते राहिलंच, सकाळी उठून बघतो तर पंप उभा चिरलेला. नवरा म्हणे पंपच गेला ना, आपण तर आहोत. तेव्हापासून नियम ठरला, डिसेंबर ते मार्च व्हॅन झोपणार आणि आपण खोलीत.

खोली टंगमर्गला बघा. गुलमर्ग वर २६५० मीटरवर, तिथे सगळी हॉटेलं, टुरिस्टच्या रेटने तीन महिने राहायचं म्हटलं तर व्हॅन विकावी लागेल. टंगमर्ग १३ किलोमीटर खाली, तिथे बाजार आहे, दवाखाना आहे, पहाटे गरम रोट्या लावणारा कांदुर आहे. आणि तसंही बर्फ पडला की टंगमर्गच्या पुढे फोर बाय फोर किंवा चेन लावलेल्या गाड्याच सोडतात, त्यामुळे आपली टू व्हील ड्राइव्ह व्हॅन वर नेण्याचा हट्ट कशाला, सकाळी शेअर सुमोत बसायचं आणि संध्याकाळी परत. खोली फोनवर ठरवू नका, नोव्हेंबरात जाऊन बघा. बुखारी म्हणजे लाकडावरची शेगडी आहे का, लाकूड कोणाचं, नळ गोठला तर पाणी कुठून आणायचं, आणि खिडकीत ऊन येतं का, हे चार प्रश्न भाड्याच्या आधी विचारायचे. भाडेकरूची पोलिसात नोंद होते, आधारच्या कॉपी आणि फोटो जवळ असू द्या. आणखी एक, बाहेरचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पुण्यातच पोस्टपेड करून निघा नाहीतर जम्मू-काश्मीरची हद्द ओलांडल्यावर आईला फोन कसा करायचा हा प्रश्न पडेल.

आता व्हॅन झोपवायची कशी. कूलंट आधी बघा, आपल्याकडे गॅरेजवाले सर्रास त्यात साधं पाणी ओततात कारण आपल्याकडे चालतं, तिथे तेच पाणी गोठून इंजिनचा ब्लॉक फोडू शकतं, म्हणून निघण्याआधी सगळं काढून निम्मं कूलंट (पाणी न मिसळलेलं, कॉन्सन्ट्रेट) निम्मं डिस्टिल्ड वॉटर भरून घ्या. डिझेल खालून भरून आणलेलं टाकीत ठेवू नका, थंडीत त्यात मेण धरतं आणि फिल्टर चोंदतो, श्रीनगरला पोचेपर्यंत टाकी जवळजवळ रिकामी होऊ द्या आणि तिथे थंडीत चालणारं डिझेल मिळतंय का विचारून फुल्ल करा, भरलेल्या टाकीत दमट हवाही कमी राहते. बीएस सिक्स गाडी असेल तर डीईएफ, म्हणजे धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरतात ते युरियाचं द्रावण, उणे ११ ला गोठतं, घाबरू नका, वितळल्यावर ठीक होतं. बॅटरीचं मात्र नीट ऐका. व्हॅनमधले दिवे-पंखे चालवणारी लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज झाली तर आतून कायमची खराब होते, आणि सोलर पॅनलला काय, ऊन पडलं की तो ढकलणारच करंट, म्हणून पॅनलची वायर काढा आणि बॅटरी उचलून खोलीत आणा. इंजिनची बॅटरी फुल्ल चार्ज करून निगेटिव्ह काढून ठेवा, उतरलेली बॅटरी गोठते, भरलेली सहसा नाही. हँडब्रेक ओढू नका, चिकटतो, गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. वायपर उभे. छपरावरचा बर्फ दर दोन दिवसांनी उतरवा आणि छपरांच्या उताराखाली गाडी लावू नका, पत्र्यावरून सुटलेला बर्फ एकदा बॉनेटवर पडलेला पाहिलाय, जाऊ दे.

गॅसचं पण सांगते. ब्युटेन साधारण शून्यालाच वायू व्हायचा थांबतो, आणि आपल्या घरगुती सिलेंडरमध्ये तोच बराच असतो, म्हणून सिलेंडर भरलेला असून शेगडी फुसफुसते. सिलेंडर तापवायला त्यावर गरम पाणी ओतण्याचे प्रयोग नकोत. आणि बंद व्हॅनमध्ये कांगडी (निखाऱ्यांचं मडकं) किंवा शेगडी घेऊन झोपायचं तर अजिबात नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. खोलीतही बुखारी झोपताना विझवायची आणि खिडकीची फट उघडी ठेवायची. कुकर बरोबर न्याच, टंगमर्गच्या उंचीवर पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर रटरटत ठेवलीत तरी दात दाखवते. पोहे, मेतकूट, गोडा मसाला हे घरून, बाकी सगळं तिथलं खा. हिवाळ्यात पहाटे हरिसा मिळतो, मटण रात्रभर घोटून केलेला, एकदा खाल्ला की दुपारपर्यंत भूक नाही. न खाणाऱ्यांसाठी हाक (पालेभाजी) आणि नदरू (कमळकाकडी) आहेच.

तीन महिनेच का राहायचं, आठवड्याची सुट्टी घेऊन का नाही, असं सगळे विचारतात. कारण बर्फ कॅलेंडर बघून येत नाही. २१ डिसेंबरला चिल्लई कलान सुरू होतो, ४० दिवस कडक थंडी, पण थंडी वेगळी आणि बर्फ वेगळा, तो वेस्टर्न डिस्टर्बन्सबरोबर, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेबरोबर येतो. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचं गवत पिवळं दिसत होतं, फोटो सगळ्यांनी पाहिले असतील, लोक स्की भाड्याने न घेताच परत गेले आणि महिनाअखेरीस बर्फ पडला. तिथे राहणाऱ्याला तो मिळाला. मी तर म्हणेन फेब्रुवारी हाच खरा महिना.

अगदी नवखे असाल तर गुलमर्गमध्ये आयआयएसएम, म्हणजे केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याची स्की संस्था आहे, त्यांच्या बॅचेसकडे नोव्हेंबरपासूनच लक्ष ठेवा. पहिले दोन-तीन आठवडे खालच्या मैदानातच पडा, उठा, परत पडा, गोंडोलाचं, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या रोपवेचं तिकीट कशाला वाया घालवताय. मग गोंडोलाचा पहिला टप्पा फेज वन, म्हणजे कोंगदूरी. फेज टू अफरवट डोंगरावर जवळजवळ ३९५० मीटरपर्यंत नेतो, आणि तिथून पुढे आखलेली पिस्ट, म्हणजे स्कीसाठी तयार केलेली वाट नाही, मोकळा डोंगर आहे. वारा असेल किंवा हिमस्खलनाचा धोका असेल तर फेज टू बंद ठेवतात, त्यावर चिडू नका. फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश स्कीअर अफरवटवर हिमस्खलनात गेले. ३० ते ४५ अंशांचा उतार आणि त्यावर रात्रीत पडलेला ताजा बर्फ, धोका तिथेच असतो, म्हणून ट्रान्सीव्हर (गाडलेल्याला शोधणारं सिग्नलचं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे स्वतःचं हवं आणि ते वापरायची सवय हवी, कारण गाडला गेलेला माणूस पंधरा मिनिटांत सापडला नाही तर वाचायची शक्यता झपाट्याने घसरते. आणि लोकल गाइडशिवाय नाहीच. भाड्याची स्की चालेल, बूट मात्र स्वतःचे घ्या, सीझनच्या शेवटी कोणी विकतंय का विचारून ठेवा, सेकंडहँड चांगले मिळतात.

पैशांचं म्हणाल तर तिथे जाऊन काम मिळेल यावर बजेट आखू नका, शिकवण्याचं आणि गाइडचं काम तिथल्या पोरांचं, त्यांचं वर्ष त्यावर चालतं. लॅपटॉपवरचं काम असेल तर वीज जाते हे बॉसला आधीच सांगा. घरात दोन दिवसांचं नाही तर आठवड्याचं रेशन ठेवा, रामबनला दरड आली की जम्मू-श्रीनगर हायवे बंद आणि त्या दिवसांत दुसरा रस्ता, म्हणजे मुघल रोडही बंदच असतो.

पहिल्या बर्फाच्या दिवशी कोणी तुमच्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी दिलं तर सांभाळून, आत बर्फ असतो आणि तो घेतलात की पार्टी तुम्हालाच द्यावी लागते, घरमालकीणबाईंनी मला असंच गंडवलं.

मार्चच्या शेवटी खाली पाऊस पडायला लागला की व्हॅन उठवा. बॅटऱ्या जोडा, टायरची हवा बघा, पाण्याची लाइन आधी थोडं पाणी सोडून तपासा, गळती नसेल तरच टाकी भरा. पहिल्या दिवशी श्रीनगरच्या पुढे जाऊ नका. ट्युलिप गार्डन तेव्हा उघडत असतं, जवळपास गाडी लावा आणि चहा टाका, शेगडी आता पहिल्या काडीत पेटते.