मांजरांसह नॅरोबोटीवर: ऑक्सफर्ड कालव्यावरील निवांत प्रवासाची तयारी

इंग्लंडच्या कालव्यांवर बोट चालवण्यासाठी चालकाला कोणतीही परीक्षा द्यावी लागत नाही. बोट भाड्याने देणारी कंपनी पहिल्या दिवशी इंजिन, सुकाणू आणि लॉक (बोटीला पाण्याच्या वरच्या किंवा खालच्या पातळीवर नेणारे, दोन्ही टोकांना दरवाजे असलेले हौद) यांची माहिती देते आणि मग पन्नास-साठ फूट लांबीची, कित्येक टन वजनाची अरुंद पोलादी बोट, म्हणजेच नॅरोबोट, तुमच्या हवाली करते. वेगमर्यादा ताशी 4 मैल असल्यामुळे येथे चुका सावकाश होतात आणि बहुतेक वेळा सावकाश निस्तरताही येतात. खरी तयारी लागते ती सोबत मांजरे असतील तर. दोघा नवरा-बायकोंनी मिळून बोट सांभाळणे काही दिवसांत अंगवळणी पडते. पण मांजर कोणाच्याही वेळापत्रकाला बांधील नसते. दिवसाची आखणी तिच्या कलाने केली, तरच हा प्रवास सुखाचा होतो, हे सुरुवातीलाच मान्य करावे.

सर्वप्रथम आपले मांजर या प्रवासाला योग्य आहे का, याचा प्रामाणिक विचार करावा. दारावरची घंटा वाजताच पलंगाखाली शिरणाऱ्या आणि तासन्‌तास बाहेर न येणाऱ्या मांजराला इंजिनाची सततची घरघर सोसत नाही. अशा मांजराला घरीच, ओळखीच्या माणसाच्या देखरेखीखाली ठेवावे. खिडकीत बसून रस्ता न्याहाळणारे, पिंजऱ्यात फारशी कुरकुर न करणारे मांजर बोटीवर लवकर रुळते. केवळ सुट्टीसाठी भारतातून मांजर नेण्याचा विचार मात्र मनातून काढून टाकावा. रेबीजची लस, त्यानंतरची रक्ततपासणी, तपासणीनंतरची तीन महिन्यांची प्रतीक्षा आणि मालवाहू कक्षातून होणारा विमानप्रवास एवढे सगळे आठवड्याच्या सहलीसाठी तिच्यावर लादणे योग्य नाही. हा मजकूर मुख्यतः ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आणि घरी मांजर असलेल्या मराठी जोडप्यांसाठी आहे.

मांजरांसह पहिल्या प्रवासासाठी माझी पसंती ऑक्सफर्ड कालव्याच्या दक्षिण भागाला, म्हणजे ब्राउनस्टनपासून ऑक्सफर्डकडे जाणाऱ्या टप्प्याला आहे. त्याचे पहिले कारण असे की या संपूर्ण टप्प्यावर एकही बोगदा नाही. ब्राउनस्टनहून लंडनच्या दिशेने ग्रँड युनियन कालव्याने गेल्यास आधी ब्राउनस्टनचा आणि पुढे 1805 साली खुला झालेला, सुमारे 2.8 किलोमीटर लांबीचा ब्लिसवर्थचा बोगदा लागतो. तेथे अर्ध्या तासाहून अधिक काळ काळोख, छतातून ठिबकणारे पाणी आणि भिंतींवरून घुमणारा इंजिनाचा आवाज यांना तोंड द्यावे लागते. माणसांना त्याची गंमत वाटते, मांजरांना वाटत नाही. दुसरे कारण म्हणजे जेम्स ब्रिंडली या अभियंत्याच्या पद्धतीप्रमाणे हा कालवा समउंचीच्या रेषेने, टेकड्यांना वळसे घालत काढलेला आहे. 1790 मध्ये तो ऑक्सफर्डपर्यंत पूर्ण झाला, तोवर ब्रिंडली हयात नव्हता. नॅप्टनची 9 लॉक चढून गेल्यावर सुमारे 11 मैलांचा माथ्यावरचा सपाट पट्टा लागतो. त्यात एकही लॉक नाही आणि वॉर्मलीटनच्या आसपास कालवा इतका वेडावाकडा फिरतो की सरळ रेषेत मोजल्यास हे अंतर निम्म्याहूनही कमी भरेल. पुढे क्लेडनची 5 लॉक उतरून क्रॉप्रेडी आणि बॅनबरी ही गावे येतात. आठवडाभराची सुट्टी असेल तर बॅनबरीहून मागे फिरावे. ऑक्सफर्ड गाठण्याच्या हट्टापायी दिवसाला आठ-आठ तास बोट हाकणारी मंडळी पाहिली, की ती मोटारीने का आली नाहीत, असा प्रश्न पडतो.

अंतराचा हिशेब करताना ताशी अडीच-तीन मैल आणि प्रत्येक लॉकसाठी पंधरा-वीस मिनिटे धरावीत. मांजरे बरोबर असताना दिवसाकाठी चार तासांपेक्षा जास्त चालण्याचा बेत करू नये. प्रवासाचा काळ मे ते सप्टेंबरच्या दरम्यान ठेवावा, कारण नोव्हेंबरनंतर दुरुस्तीच्या कामांसाठी अनेक लॉक बंद ठेवली जातात. इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे 2,000 मैलांचे जलमार्ग 2012 पासून कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था सांभाळते. निघण्यापूर्वी तिच्या संकेतस्थळावर आपल्या मार्गावरील बंद लॉकची सूचना पाहून घ्यावी.

बोट निवडताना कंपनीला मांजरांबद्दल स्पष्ट विचारावे. बऱ्याच कंपन्या प्राण्यांना परवानगी देतात, पण विचार कुत्र्यांचा केलेला असतो. नॅरोबोटीची रुंदी जेमतेम 6 फूट 10 इंच असते, कारण अरुंद लॉक सुमारे 7 फूट रुंद असतात. त्यामुळे आत एकच लांब बोळ आणि त्याच्या एका बाजूला खोल्या अशी रचना असते. पुढच्या टोकाला उघड्या चौकावर कापडी आच्छादन असलेली बोट मिळाल्यास ती आवर्जून घ्यावी. आतले दार आणि बाहेरचे आच्छादन यांमधली ती जागा ओसरीसारखी उपयोगी पडते. एक दार उघडण्यापूर्वी दुसरे बंद करायचे, हा नियम दोघांनी पाळला, तर मांजर नजर चुकवून निसटत नाही. बाजूच्या झडपेला आणि उघडणाऱ्या खिडक्यांना लावण्यासाठी घरूनच जाळी न्यावी. पोलादी बोट उन्हात लवकर तापते, आणि जाळी नसेल तर उकाड्यात खिडकी उघडण्याचे धाडस होत नाही.

इंग्लंडमध्ये 10 जून 2024 पासून वीस आठवड्यांवरील प्रत्येक पाळीव मांजराला मायक्रोचिप बसवणे बंधनकारक आहे. चिप बहुतेकांनी बसवलेली असते. तिच्या नोंदीतला मोबाइल क्रमांक मात्र जुनाच राहिलेला असतो, तो निघण्यापूर्वी तपासावा. गळपट्टा ओढ बसताच आपोआप सुटणारा असावा, नाहीतर झुडपात अडकून फास बसू शकतो. इंजिनाच्या खणाकडे विशेष लक्ष द्यावे. इंजिन थंड राखण्याच्या पाण्यात गोठणरोधक द्रव असतो आणि त्यातील इथिलीन ग्लायकॉल मांजरासाठी अगदी थोड्या प्रमाणातही प्राणघातक ठरू शकते. खणाच्या तळाशी रंगीत ओल दिसली, तर ती पुसून कंपनीला कळवावे आणि तोवर मांजराला तिकडे फिरकू देऊ नये. बंद केलेले इंजिन बराच वेळ ऊबदार राहते, म्हणून मांजरे त्या फळीखाली शिरायला टपलेली असतात. बोटीखालच्या पंख्यात (प्रॉपेलरमध्ये) अडकलेले गवत किंवा प्लास्टिक काढण्यासाठी मागची झडप उघडतानाही हीच काळजी घ्यावी. किल्ली काढून खिशात ठेवावी, मांजरांना आतल्या खोलीत कोंडावे आणि मगच हात पाण्यात घालावा.

आता मुख्य प्रश्न, मांजरांना बाहेर सोडायचे की नाही. आठवड्याभराच्या भाड्याच्या सहलीत अजिबात सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. इतक्या थोड्या दिवसांत बोट हेच आपले घर आहे, हे तिच्या मनात ठसत नाही. रोज जागा बदलते, वास बदलतात आणि परतीची खूण उरत नाही. छातीपट्टा आणि दोरी लावून काठावरून फिरवून आणणे तिला पुरेसे होते. मात्र पट्ट्याची सवय घरी महिनाभर आधीपासून लावावी. जे बोटीवरच राहायला जातात, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी पहिले तीन आठवडे मांजरांना आतच ठेवावे आणि मग संध्याकाळच्या जेवणापूर्वी, पोट रिकामे असताना, थोडा वेळ मोकळे सोडायला सुरुवात करावी. आमच्या बोटीवर ही वेळ ठरलेली असते. दुपारी बोट बांधून इंजिन थंड झाले की आमची मांजर ठमी पुढच्या चौकातून छतावर चढते, छताच्या कडेने बोटीच्या मागच्या टोकापर्यंत एक चक्कर मारते, तेथून काठाकडे उडी घेण्याआधी दोनदा अंदाज घेते आणि मग गवतात दिसेनाशी होते. कोरड्या खाण्याचा डबा हलवला की पाचेक मिनिटांत तिचे डोके कुंपणातून बाहेर येते. आमचा बोका तेवढा आज्ञाधारक नाही, म्हणून त्याला अंधार पडण्याच्या बराच आधी हाक मारावी लागते. अंधारानंतर दोघेही आत आणि सकाळी बोट सुटेपर्यंत आतच, हा नियम मोडू नये. सकाळी सोडलेले मांजर दुपारपर्यंत येत नाही आणि दिवस तेथेच संपतो.

दोर सोडण्यापूर्वी मांजरे मोजावीत. हे काम एकाचेच असावे आणि त्याने मांजर प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिल्याशिवाय “आहे” असे म्हणू नये. “मघाशी गादीवर झोपली होती” हे उत्तर ग्राह्य धरू नये.

लॉकमधून जाताना दोन माणसांची कामे आधी ठरलेली असावीत. एकाने सुकाणूवर राहावे, दुसऱ्याने विंडलास म्हणजे इंग्रजी एल अक्षरासारखी लोखंडी किल्ली घेऊन काठावर उतरावे आणि पॅडल, म्हणजे लॉकमध्ये पाणी घेणाऱ्या व सोडणाऱ्या झडपा, उघडावीत. दोघांनी अदलाबदल करत राहावी. नाहीतर एकाला केवळ हुकूम सोडायची आणि दुसऱ्याला केवळ ढकलायची सवय लागते, आणि त्याचे पडसाद रात्रीच्या जेवणावर उमटतात. पाण्याच्या आवाजात शब्द ऐकू जात नाहीत, म्हणून हाताच्या खुणा ठरवून घ्याव्यात. वर चढताना बोट लॉकच्या हौदात स्थिर झाल्यावर पॅडल अर्धेच उघडावे आणि पाणी शांत झाल्यावर पूर्ण करावे. एकदम उघडल्यास बोट पुढे खेचली जाते, कपाटातली भांडी घरंगळतात आणि मांजराच्या वाडग्यातले पाणी बिछान्यावर येते; तो वाडगा आधीच उचलून न्हाणीघरात ठेवावा. पुढची दारेही बंद असावीत, कारण वरच्या दरवाजाच्या फटीतून येणारी धार थेट पुढच्या चौकात पडू शकते.

उतरताना धोका मोठा असतो. लॉकच्या वरच्या दरवाजापाशी पाण्याखाली एक उंबरा असतो, ज्याला सिल म्हणतात. पाणी कमी होऊ लागले की तो उघडा पडतो. बोटीचा मागचा भाग त्यावर टेकला, तर पुढचा भाग खाली जातो आणि बोट पाहता पाहता बुडू शकते. उंबऱ्याची हद्द काठावर पांढऱ्या रेषेने दाखवलेली असते. बोटीचे मागचे टोक पूर्ण वेळ तिच्या पुढे ठेवावे. दोर खुंट्याला कधीही घट्ट बांधू नये, कारण पाणी उतरले तरी बोट दोरावर लटकत राहते. काही अडकल्याचे दिसताच खालची पॅडल ताबडतोब पाडावीत आणि नंतर वरून पाणी घ्यावे. या सगळ्या वेळात मांजरे बंद खोलीत असली पाहिजेत. लॉकच्या ओल्या भिंतींना मांजराच्या नखांना धरण्याजोगे काही नसते, आणि तेथे पडलेल्या मांजराला वाचवण्यासाठी माणसाने उडी मारणे म्हणजे दोघांचाही जीव पणाला लावणे होय.

मुक्कामाच्या जागी मांजर पाण्यात पडणे ही तुलनेने साधी घटना आहे, पण तिची तयारी ठेवावी. मांजराला पोहता येते. अडचण बाहेर येण्याची असते, कारण बोटीची बाजू गुळगुळीत असते आणि काठावर पुष्कळदा पोलादी पत्रे ठोकलेले असतात. जुन्या गालिच्याचा लांब पट्टा किंवा जाड दोरांची जाळी बोटीच्या दोन्ही बाजूंना पाण्यात बुडेल अशी रात्रंदिवस टांगून ठेवावी. निघताना मात्र ती न विसरता वर घ्यावी, नाहीतर पंख्यात गुंतते. पडलेल्या मांजराला स्वच्छ पाण्याने धुऊन, टॉवेलने खसखसून कोरडे करावे आणि नंतर आपले हात साबणाने स्वच्छ धुवावेत, कारण उंदरांच्या मूत्रावाटे कालव्याच्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात.

मुक्कामासाठी रस्ता आणि रेल्वे यांपासून दूरचा काठ शोधावा. बॅनबरीच्या खाली कालवा आणि रेल्वेमार्ग बराच काळ शेजारून धावतात, त्यामुळे त्या पट्ट्यात मोकळे फिरणाऱ्या मांजरांनाही आतच ठेवावे. विष्ठेच्या तबकासाठी न्हाणीघराची फरशी सोयीची असते आणि त्यात लाकडी गोळ्यांची भर वापरल्यास ती पायांना चिकटून गादीवर येत नाही. तो कचरा शौचालयाच्या टाकीत किंवा झाडीत टाकू नये. पिशवीत बांधून कचरापेटीपर्यंत न्यावा. शेगडी पेटवत असाल तर कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र चालू असल्याची खात्री करावी.

मांजर हरवलेच, तर बोट हलवू नये. कालव्यावरील प्रत्येक पुलाला क्रमांक असतो आणि तोच तुमचा पत्ता ठरतो. कालव्याचे नाव आणि जवळच्या पुलाचा क्रमांक लिहून आजूबाजूच्या बोटींना, लॉकवरील स्वयंसेवकांना आणि जवळच्या पशुवैद्यांना कळवावे. बहुतेक काठांवर चौदा दिवस राहता येते. गावाजवळच्या काही जागी ही मुदत अठ्ठेचाळीस तासांचीच असते, तेथे ट्रस्टला फोन करून कारण सांगावे आणि मुदतवाढ मागावी. भाड्याची बोट असेल, तर कंपनीलाही त्याच दिवशी कळवावे, म्हणजे परतीची वेळ पुढे ढकलता येते का हे समजते. दिवसा हाका मारत मैलोन्‌मैल भटकण्यापेक्षा तिन्हीसांजेला आणि पहाटे, टोपाथवर म्हणजे कालव्याकाठच्या पायवाटेवर माणसे आणि कुत्री नसताना, बोटीचे दार उघडे ठेवून तिची चादर उंबऱ्यावर पसरावी आणि खाण्याचा डबा हलवावा. घाबरलेले मांजर बहुतेकदा शंभर-दोनशे पावलांच्या आतच, एखाद्या कुंपणाच्या मुळाशी दबून बसलेले असते.