दुर्बिणीतून हर्निया: या चुका टाळा

"अर्ध्या तासात उरकलं, सर" असं कुणी सांगितलं की मी आधी व्हिडिओ मागतो. जांघेच्या हर्नियात घाई होते ती जाळीसाठी (कमकुवत जागेला आतून आधार देणारी मेश) जागा करताना, आणि पुढे त्रास होतो तोही तिथूनच.

सगळ्यात जास्त सुटतो तो कॉर्डचा (वृषणाकडे जाणाऱ्या नळी-रक्तवाहिन्यांच्या जुडग्याचा) लायपोमा, म्हणजे चरबीची गाठ. हर्नियाची पिशवी मोकळी झाली की नवशिके खूश! कॉर्डच्या बाहेरच्या अंगाने डीप रिंगमध्ये (कॉर्ड पोटातून जांघेत उतरते ते छिद्र) उतरलेली चरबी तशीच राहते. मार्केट यार्डातले एक हमाल आले होते. दुसरीकडे दुर्बिणीतून ऑपरेशन झालेलं, तरी गाठ होतीच. लवकर पोती उचललीत म्हणून परत आलं, असं त्यांना सांगितलेलं. आधीचं काम मागच्या बाजूने झालेलं, म्हणून मी पुढून उघडलं. पिशवी नव्हतीच. जाळीखालून रिंगमध्ये शिरलेली अंगठ्याएवढी चरबी निघाली. म्हणजे गाठ कधी गेलीच नव्हती, आणि खापर पोत्यांवर! पिशवी सुटल्यावर मी रिंगमध्ये पुन्हा बघतो, असिस्टंटला बाहेरून जांघ दाबायला लावतो आणि चरबी आत ओढून घेतो.

दुसरी चूक जाळीच्या खालच्या कडेची. पेरिटोनियम (पोटाचं आतलं अस्तर) कॉर्डवरून पुरेसं मागे सोडवलेलं नसेल, तर ऑपरेशनसाठी भरलेला गॅस काढताना ते जाळीची कड उचलतं आणि जाळी दुमडते. पेरिटोनियम डोक्याकडे ओढून बघा. जाळी हलली तर काम बाकी आहे. गॅस हळू सोडा, कड डोळ्यांसमोर ठेवा. जाळी किमान १० × १५ सेंमी हवी. बसत नाही म्हणून तिला कात्री लावणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. जागा वाढवायला सांगतो.

टॅकर (जाळी टाचायचं साधन) मारताना दुसऱ्या हाताने बाहेरून त्याचं टोक चाचपा. बोटाला लागलं नाही, तर मारू नका. इलिओप्युबिक ट्रॅक्टच्या (जांघेतली आडवी तंतुमय पट्टी) खाली, बाहेरच्या बाजूला नसा आणि आतल्या बाजूला मोठ्या रक्तवाहिन्या असतात. तिथे टॅक नकोच.

टेपमध्ये (TEP, म्हणजे पेरिटोनियम न उघडता त्याच्या बाहेरून करायची दुर्बिणीची पद्धत) पेरिटोनियम फाटलं तर शिवून घ्या, आतडं जाळीला चिकटू शकतं.

थिएटरमध्ये नेण्याआधी पेशंटला लघवी करून यायला सांगा.

नंतर जांघेत पाणी साचलं तर सुई खुपसू नका. बहुतेक वेळा ते काही आठवड्यांत जिरतं, सुईने मात्र जंतू जाळीपर्यंत जाऊ शकतात. हे पेशंटला ऑपरेशनआधीच सांगा, नाहीतर "गाठ परत आली" म्हणत तो दुसऱ्या डॉक्टरकडे जातो आणि तिथे सुई तयारच असते.